बळाला एक काना

या, अशा पुढे या. त्या खांबाआड बसू नका, तिथे बसलं की निम्मं कीर्तन ऐकू येतं आणि निम्म्यात डुलकी लागते. पंखा इथेही आहे. पेटीवाले अजून यायचेत, बुवा आत पगडी बांधतायत, तोवर मी तुम्हाला एक आख्यान सांगते. पोथीतलं नाही हो. गेल्या रामनवमीचं, इथलं, आपल्या रत्नागिरीतलं. त्यात एका सत्तरी ओलांडलेल्या पुरुषाला दिवस गेले होते. आत्ताच हसू नका. हसायची जागा पुढे आहे, मी खूण करीन.

आधी आमच्या हरिश्चंद्रबुवांचं सांगते. ते या देवळात रामजन्माचं कीर्तन इतकी वर्षं करतायत, की आमच्या आळीतल्या मुलांना राम अयोध्येत जन्मला हे पटतच नाही. त्यांना वाटतं, तो बुवांच्या गळ्यातून जन्मतो. मलाही लहानपणी तसंच वाटायचं. अजूनही पुरतं गेलेलं नाही.

पण त्या रामनवमीच्या आदल्या वर्षी विपरीत घडलं. बारा वाजत आले होते. लोकांच्या मुठीत गुलाल, बायकांच्या हातात पाळण्याची दोरी, नारळाला कुंची घालून तयार. आणि जन्माच्या पदाची पहिली ओळच बुवांना आठवेना. पेटीवाल्यांनी सूर धरला, सोडला, पुन्हा धरला. बुवा वर आढ्याकडे बघतायत, खाली हातातल्या झांजेकडे बघतायत. घड्याळाचे टोले पडले, पडून संपले, आणि राम काही जन्मेना. शेवटी समितीचे अध्यक्ष आत्मारामशेठ उठले आणि त्यांनी घंटा बडवली. राम जन्मला म्हणा, पण कसा, तर शाळा सुटल्यासारखा. मी केलेला सुंठवडा लोकांनी मान खाली घालून खाल्ला.

त्या दिवसापासून बुवा गप्प झाले. "डोक्याला भोकं पडली गो," मला म्हणाले, "कुठली ओळ कुठून गळेल सांगता येत नाही." पुढची रामनवमी जवळ आली तसे आत्मारामशेठ बोलायला लागले. शेठची आंब्याची वखार आहे. माणूस वाईट नाही, पण आयुष्यभर आंबे हाताळल्यामुळे त्यांना कुठल्याही गोष्टीच्या दोनच अवस्था माहीत, पिकलेली आणि नासलेली. ते म्हणाले, "बुवांनी आता विश्रांती घ्यावी. चिपळूणहून दुसरे बुवा आणू." बुवांनी झांज पुसली, फडक्यात बांधली आणि फळीवर ठेवून दिली.

एवढीच गोष्ट आहे बघा. ते फडकं सुटायचं की कायमचं बांधलेलं राहायचं. पण ज्याने जन्मभर उभं राहून देवाचं नाव घेतलं, त्याला खाली बसवलं की काय होतं ते आम्ही शेजारी बघत होतो. बुवांना जेवण जाईना. त्यांचं ते मोठं पोट तेवढं होतं तसंच राहिलं, पण त्याला काही अर्थ उरला नव्हता.

बुवांची सून मथुरा. नवरा लोट्याला केमिकल कंपनीत, शिफ्टची नोकरी, घरी दिसायचा तो रविवारी. मथुरेला त्या सुमारास ऑर्कुटचा नाद लागला होता. ऑर्कुट काय ते मला तिनेच समजावलं: तिथे प्रत्येकाचं आपलं एक पान असतं आणि ज्याला वाटेल तो येऊन त्यावर काहीबाही लिहून जातो, चित्रं डकवून जातो. मथुरा सुविचाराची चित्रं डकवायची. मागे गुलाब, नाहीतर धबधबा, नाहीतर बर्फाचा डोंगर, आणि पुढे चमचम करणाऱ्या अक्षरांत एक वाक्य. मी आनंदी आहे. आजचा दिवस माझा आहे. मला जमतं. मस्कतला असलेला तिचा भाऊ म्हणायचा, "ताई, सकाळी तुझं चित्र दिसलं नाही की वाटतं घरी कुणीतरी आजारी आहे."

चित्रं बनवायची आफरीन. मिरकरवाड्याच्या रस्त्याला तिचं सायबर कॅफे होतं. मथुरेच्या मोबाईलवर मराठी अक्षरं नव्हती, म्हणून ती भाकरी थापता थापता इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्य लिहून आफरीनला एसएमएस करायची. आफरीन ते मराठीत उतरवायची, त्याला गुलाब लावायची, चमकी लावायची आणि मथुरेच्या नावाने जगात सोडून द्यायची. मथुरा तिला आंबोळ्या पाठवायची. असं सगळं सुरळीत चाललं होतं.

एक दिवस मथुरेने सासऱ्यांकडे मोर्चा वळवला.

"बाबा, रोज सकाळी उठून म्हणा, माझ्यात बळ आहे."

"कुणाला म्हणू?"

"स्वतःलाच."

"म्हणजे मीच सांगायचं आणि मीच ऐकायचं? मग बिदागी कुणी कुणाला द्यायची?"

"चेष्टा नको हो. माणूस जे रोज म्हणतो तसा होतो."

"मग आत्मारामशेठ एव्हाना आंबा व्हायला हवे होते." बुवांनी तिच्या हातातलं छापलेलं चित्र चष्म्याजवळ नेलं. "आणि सगळीकडे मी, मी, मी. आम्ही जन्मभर लोकांना मीपण टाका म्हणून सांगत आलो, आणि तू त्याला गुलाब लावून परत घरात आणतेस. आणि हा डोंगर कुठला?"

"स्वित्झर्लंडचा असेल."

"का? आपला रत्नदुर्ग काय झिजला?"

मथुराही कीर्तनकाराच्या घरातली. ती म्हणाली, "मी म्हणजे हा वरचा मी नाही, आत बसलाय तो. कीर्तनात तुम्हीच सांगता ना?"

"माझंच वाक्य माझ्या अंगावर घालू नकोस," असं म्हणून बुवा कुशीवर वळले.

पण मथुरेने सोडलं नाही. आफरीनकडून तिने ऑर्कुटवर बुवांच्याच नावाचं पान काढून घेतलं. आणि काय सांगू, जुने श्रोते मुंग्या लागाव्या तसे गोळा झाले. कुणी डोंबिवलीचा, कुणी कुवेतचा, कुणी बोटीवरचा. सगळे विचारायला लागले, बुवा यंदा उभे राहणार ना? मथुरेने ठरवलं, उत्तर बुवांच्या तोंडून द्यायचं. गुलाब नको, स्वित्झर्लंड नको. बुवांचाच फोटो, खाली त्यांचं वाक्य.

फोटो जुन्या उत्सवातला होता. बुवा पगडी घालून उभे, उपरणं घसरत होतं म्हणून एक हात पोटावर. बुवांचं पोट म्हणजे आमच्या आळीचं भूषण, त्यावर झांज ठेवली तर घसरायची नाही. चेहऱ्यावर हसू, डोळे किंचित मिटलेले. मथुरेने फोटो देऊन ठेवला आणि सकाळी वाक्य पाठवलं. माझ्यात बळ आहे. आता बळ इंग्रजी अक्षरांत कसं लिहाल? बी-ए-एल.

हं, ही खूण. आता हसायला हरकत नाही.

त्या दिवशी बुवा पेपर आणायला म्हणून बाहेर पडले, तर रिक्षावाला बाबल्या समोर येऊन उभा. "बुवा, बसा. अशा दिवसांत उन्हातनं चालायचं नाय." पैसे घेईना. भाजीवाल्या चिमाने हाक मारून दोन कैऱ्या हातावर ठेवल्या आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "मीठ लावून खावा हो. जड उचलू नका." किराणावाल्याने चिंचेचा गोळा दिला. जो भेटेल तो काळजीने विचारतोय, झोप लागते ना, मळमळत नाही ना. बुवा पिशवीभर कैऱ्या घेऊन घरी आले आणि कधी नव्हे ते ओट्यावरूनच ओरडले, "मथुरा! लोक मला विसरले नाहीत गो! बघ किती माया करतात!"

मी तेव्हा त्यांच्या ओट्यावरच तांदूळ निवडत होते. मथुरेने पिशवीत बघितलं. कैऱ्या, चिंच, चार आवळे. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. सकाळपासून तिच्या मोबाईलवर मस्कतहून निरोप येत होते, "ताई, बारसं कधी?" आणि तिला त्याचा अर्थ लागत नव्हता. आता लागला.

तेवढ्यात आत्मारामशेठच आले. हातात कागद. कुणीतरी चित्र छापून बाजारभर चिकटवलं होतं, त्यांच्या वखारीच्या दारावरसुद्धा. बुवा, हात पोटावर, चेहऱ्यावर समाधान, आणि खाली गुलाबी चमचमीत अक्षरांत: माझ्यात बाळ आहे.

"बुवा, आता तर रजा तुमच्या हक्काची झाली," शेठ म्हणाले, "बाळंतपणाची!" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

बुवांनी कागद हातात घेतला. पुष्कळ वेळ बघितला. मग घडी करून परत दिला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मथुरा त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली, रडवेली.

"त्या दिवशी ओळ विसरलो तेव्हा लोक गप्प बसले होते," बुवा भिंतीला म्हणाले. "त्या गप्प बसण्यात माया होती. आता हसतायत. शेठना सांग, चिपळूणला फोन लावा."

दोन दिवस कैऱ्यांची पिशवी कोपऱ्यात तशीच. कुणी हात लावेना. कैऱ्या पिकायला लागल्या, घरभर वास सुटला, आणि आंबट म्हणून दिलेली ती चेष्टा गोड होत चालली तरी बुवांचं तोंड कडूच.

मग आफरीन आली. डोक्यावरची ओढणी नीट करत उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मथुरेने तिला फोनवर बरंच काही ऐकवलं होतं, ते तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

"बुवा, चूक माझी आहे. ताईंवर रागावू नका. मी ते चित्र काढून टाकते."

बुवा वळले नाहीत. "तू मराठी शाळेत शिकलीस ना गो? बळ आणि बाळ यातला फरक कळत नाही?"

"कळतो की! पण मेसेजमध्ये बी-ए-एल होतं. त्याचं दोन्ही होतं."

"मग बळ का नाही केलंस?"

"मी विचार केला ना," आफरीन म्हणाली, आता जरा धीट होऊन. "रामनवमी आली होती. त्या दिवशी तुमच्या देवळाच्या भोंग्याचा आवाज आमच्या घरापर्यंत येतो. लहानपणापासून ऐकते मी. दरवर्षी बुवा बाळ जन्माला घालतात. आमची अम्मी घड्याळ त्यावर लावायची. मग बुवांच्या आत काय असणार? बाळच असणार. बळ पैलवानात असतं."

बुवा हळूच वळले.

"पुन्हा बोल गो."

"काय?"

"शेवटचं ते."

"बळ... पैलवानात असतं?"

आधी बुवांचं पोट हललं. मग खांदे हलले. मग तोंडातून जो हसण्याचा लोट बाहेर आला, त्याने मथुरा दचकली आणि फळीवरची भांडीसुद्धा किणकिणली असं मी म्हणेन, तुम्ही मानलं नाहीत तरी. डोळे पुसत पुसत ते म्हणाले, "मथुरा, त्या कैऱ्यांतल्या ज्या आंबट राहिल्या असतील त्यांचं पन्हं कर. मला डोहाळे लागलेत. आणि ते फडकं काढ फळीवरून."

"मी तो काना लगेच काढते, बुवा," आफरीन म्हणाली.

"खबरदार! मोठ्या मुश्किलीने पडलाय तो. राहू दे."

आता आत्मारामशेठ तयार कसे झाले विचाराल. सगळं गाव त्यांना एकच विचारायला लागलं, बाळंतीण येणार की नाही? शेठना गर्दी कळते. ते म्हणाले, "उभे राहा बुवा. पण घंटेची दोरी माझ्या हातात राहील. टोले पडले आणि तुम्ही थांबलात, की मी वाजवणार." बुवा म्हणाले, "वाजवा."

त्या दिवशी इथे पाय ठेवायला जागा नव्हती. मंडप पार रस्त्यापर्यंत. अर्धे रामासाठी आलेले, अर्धे हसायला आलेले. शेठ घंटेखाली स्टूल टाकून बसलेले, एक डोळा बुवांवर, एक घड्याळावर.

बुवांनी नमन केलं, झांज वाजवली, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "मंडळी, तुम्ही ऐकलीत ती बातमी खरी आहे."

काय हशा उठला म्हणून सांगू! बुवांनी तो पुरता उठू दिला, पुरता खाली बसू दिला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "बळ आणि बाळ यांत किती अंतर? एक काना. एक उभी रेघ. कौसल्येला दिवस गेले तेव्हा राजाने विचारलं, राणी, तुला काय खावंसं वाटतं? चिंच आणू? कैरी आणू? त्यावर ती भोळी बाई काय म्हणाली? म्हणाली, धनुष्य आणा! जिने कधी भाजीची विळी सोडून दुसरं शस्त्र धरलं नाही, ती म्हणते धनुष्य आणा! हे बळ तिचं होतं का हो? तिच्यात बाळ होतं! माझी सून मला सांगत होती, म्हणा, माझ्यात बळ आहे. मी म्हटलं नाही. कारण मी शोधलं तर मला कुठे बळ सापडेना. सापडणार कसं? मी पैलवान का आहे?"

मंडपाच्या टोकाला, चपलांच्या ढिगाजवळ, आफरीन आणि तिची अम्मी उभ्या होत्या. ही ओळ ऐकून आफरीनने ओढणीत तोंड लपवलं.

पूर्वरंग रंगला, बुक्का लावून झाला, आख्यान सुरू झालं. वेळ कसा गेला कळलं नाही. बारा वाजत आले. मुठीत गुलाल आला, दोरी बायकांच्या हातात गेली. बुवांनी जन्माच्या पदासाठी झांज उचलली.

आणि थांबले.

मी पहिल्या रांगेत होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. ओळ गेली होती. तीच, तिथेच. पेटीवाल्यांनी सूर धरला. बुवा आढ्याकडे बघायला लागले. मथुरेने माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बांगडीचा वळ उठला. घंटेची दोरी ताणली जाताना मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितली.

"शेठ!" बुवा कडाडले. "दोरी सोडा! बाळंतपण आहे हे, शाळा नव्हे! घाई करून कसं चालेल? कळा येऊ द्यात!"

शेठच्या हातून दोरी सुटलीच. मंडप हसून लोळायला लागला, आणि त्या हसण्यात बुवांनी एक हात पोटावर ठेवला, तसाच, फोटोतल्यासारखा, आणि पाळण्याच्या दोरीशी बसलेल्या आम्हा बायकांकडे वळून म्हणाले, "बघता काय गो? बाळंतपण कधी एकट्याने होतं का? सुईणी ना तुम्ही? धरा पाळणा!"

कुणी आधी सुरू केलं ते माहीत नाही. मी असेन, चिमा असेल. पण पाळण्याचं गाणं उचललं गेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि आमच्या आवाजावर बुवांचा आवाज अलगद येऊन बसला, जसा काही तो इथेच, आमच्यातच, कुठेतरी ठेवलेला होता. गुलाल उडाला. शेठनी घंटा वाजवली, पण ती आता सगळ्यांबरोबर. बारा नक्की कधी वाजले ते कुणालाच ठाऊक नाही. शेठसुद्धा घड्याळाकडे बघायचं विसरले होते.

सुंठवडा वाटताना मी बुवांना विचारलं, "ती ओळ आठवली का हो शेवटी?"

"नाही गो," ते म्हणाले, आणि सुंठवड्याची दुसरी चिमूट मागितली. "आणि आता आठवून करू काय? राम तर जन्मला."

हे झालं गेल्या वर्षीचं. आता थोडकं उरलंय, पेटीवाले आलेच ते, चपला काढतायत.

पावसाळ्याआधी आफरीनचं लग्न झालं. नवरा कुवेतला, तीही तिकडे गेली. कॅफेला कुलूप लागलं, मथुरेला चित्रं करायला दुसरं कुणी मिळेना, आणि खरं सांगायचं तर तिने फारसं शोधलंही नाही. पण ऑर्कुटवरचं बुवांचं पान आहे, आणि त्यावर ते चित्रही आहे, कान्यासकट.

परवा मथुरा त्या पानाचा कागद छापून घेऊन धावत माझ्याकडे आली. कुवेतहून आफरीनने बुवांच्या पानावर चित्र डकवलं होतं. गुलाब नाहीत, डोंगर नाही. आफरीन, ओढणी नीट घेतलेली, एक हात पोटावर. खाली गुलाबी अक्षरांत तेच वाक्य, आणि त्याखाली तिने वेगळं लिहिलं होतं, "बुवा, या वेळी काना बरोबर पडलाय."

बुवांनी तो कागद डोळ्याला लावला. काल उन्हातान्हात बाबल्याच्या रिक्षात बसून स्वतः मिरकरवाड्याला गेले आणि तिच्या अम्मीच्या हाती पिशवीभर कैऱ्या देऊन आले. पोर इतकी लांब, कैऱ्या तिला पोचणार कशा, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

तिचे दिवस भरत आलेत. पहिलटकरीण आहे, माहेर समुद्रापलीकडे राहिलं. म्हणून तुम्हाला एवढंच मागते: आत्ता बारा वाजता दोरी हातात आली की एक हेलकावा आमच्या आफरीनच्या नावाने द्या. तिची आठवण असू द्या.

आले बघा बुवा. सरका जरा, मला दिसू द्या.